खंदक, खडी आणि पांढरी रेषा

कबड्डीच्या मैदानावर फक्कीची रेघ आखलेली असते. रेघेबाहेरच्या जमिनीला पाय लागला की खेळाडू बाद. नियम इतका सोपा, की तो लहान मुलालाही एकदा सांगितला की पुरतो. तरीही शाळेच्या मैदानावर सर्वांत जास्त भांडणे होतात ती या रेघेवरूनच. रेघ अर्धी पुसलेली असते, पंचाचे लक्ष नेमके दुसरीकडे असते, किंवा मागच्या खेपेस दुसऱ्या संघातल्या मुलाला त्याच चुकीबद्दल सोडून दिलेले असते. मग समजूत काढता काढता शिक्षकांची पुरेवाट होते. म्हणजे नियम सोपा असून भागत नाही. रेघ स्पष्ट हवी, ती ओलांडली की नाही हे ठरवता यायला हवे, आणि ती सर्वांना सारखी लागू व्हायला हवी.

या तीन अपेक्षांचा इतिहास फार ठळकपणे दिसतो तो एका वेगळ्याच खेळात. तो खेळ म्हणजे मोटारींच्या शर्यती, आणि त्यातही 'फॉर्म्युला वन' नावाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. तेथे रेषेचा प्रश्न हार-जितीपुरता राहत नाही, तो जिवाशी येऊन भिडतो. आरंभीच्या काळात या शर्यतींत रेषा पाळायला लावण्यासाठी पंचाची गरजच नव्हती, कारण रेषेपलीकडे झाड किंवा खंदक होता. पुढे झाडे काढली, खंदक बुजवले, माणसे वाचू लागली, आणि मग रेषा कोणी पाळीना! असे का झाले, त्यावर काय उपाय झाले आणि त्यांतून कोणते नवे प्रश्न उभे राहिले, ते या लेखात आपण क्रमाने पाहू.

निसर्ग हाच पंच

फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे झाली. ही जागा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील एक विमानतळ. धावपट्ट्यांभोवतीच्या रस्त्यांवरून गाड्या धावत आणि वळणांवर मार्गाची कड दाखवण्यासाठी पेंढ्याचे गठ्ठे व तेलाची रिकामी पिंपे ठेवलेली असत. विमानतळ सपाट आणि मोकळा, म्हणून ही जागा त्या मानाने बरीच म्हणायची. बेल्जियममधील स्पा किंवा जर्मनीतील न्यूरबर्गरिंग येथे रस्ता जंगलातून आणि डोंगरउतारावरून जाई. कडेला झाडे, तारांचे खांब, घरे आणि चर. गाडी रस्त्यावरून घसरली की पुढे काय आडवे येईल ते नशिबावर.

या नशिबाचा फेरा प्रेक्षकांनाही चुकत नव्हता. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांच्या शर्यतीत पिएर लव्हे या चालकाची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून गर्दीच्या दिशेने उडाली. लव्हे आणि ८० हून अधिक प्रेक्षक मृत्यू पावले. १९६७ मध्ये मोनॅको येथे लोरेन्झो बांदिनीची गाडी उलटून पेटली. संरक्षणासाठी ठेवलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांनीच पेट घेतला आणि आग भडकली. तीन दिवसांनी बांदिनी वारला.

या दोन अपघातांच्या मधला, १९६६ मधला, स्पा येथील एक प्रसंग पुढच्या सगळ्या बदलांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. सुमारे १४ किलोमीटरच्या त्या मार्गाच्या एका भागात पहिल्याच फेरीत पाऊस कोसळला आणि अनेक गाड्या घसरल्या. स्कॉटलंडच्या जॅकी स्ट्यूअर्टची गाडी तारेच्या खांबाला धडकून रस्त्यापासून बाजूला जाऊन पडली. तो आत अडकला होता आणि फुटलेल्या टाकीतले पेट्रोल त्याच्या अंगावर गळत होते. सोडवायला आले ते त्याच्याबरोबर शर्यतीत असलेले ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरांट. त्यांच्याजवळ पाना नव्हता. तो एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. स्ट्यूअर्टला बाहेर काढायला सुमारे २५ मिनिटे लागली. एक ठिणगी पडली असती तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता.

स्ट्यूअर्ट वाचला आणि त्याने सुरक्षिततेचा आग्रह धरला. कड्याकडेचे अडथळे काढा, पत्र्याचे दुहेरी कठडे लावा, डॉक्टर जवळ ठेवा, अशा त्याच्या मागण्या होत्या. 'शूरांचा खेळ हा बायकी करतो आहे' अशा अर्थाची टीका त्याला सोसावी लागली. पण चालक त्याच्यामागे उभे राहिले. सुरक्षेच्या मागण्या पुऱ्या न झाल्याने १९६९ मध्ये स्पा येथील शर्यत झाली नाही, आणि १९७० मध्ये जर्मनीची शर्यत न्यूरबर्गरिंगहून हॉकेनहाइमला हलवावी लागली.

जुन्या दिवसांची आठवण काढणारे काही जण अजूनही म्हणतात, की त्या काळी रेषा आपोआप पाळली जाई. ते खरे आहे. पण निसर्ग हा न्यायी पंच होता काय? हेतुपुरस्सर बाहेरून जाणारा आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून घसरलेला, दोघांना त्याने सारखेच वागवले. एका वळणावर बाहेर कुरण असे, तर पुढच्या वळणावर ओकचे झाड. चूक सारखीच, पण एकाची शिक्षा दहा सेकंद आणि दुसऱ्याची मृत्यू. ज्याला आपण कडक शिस्त म्हणतो ती पुष्कळदा अशी लॉटरी असते.

वेग जिरवायचा कसा?

गाडी रस्त्याबाहेर जाणारच, हे एकदा मान्य केले की प्रश्न भौतिकशास्त्राचा होतो. समजा गाडीचा वेग ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर आहे. थांबताना लागणारे सरासरी मंदन काढण्याचे सूत्र नववीच्या मुलांना माहीत असते: वेगाचा वर्ग भागिले थांबण्याच्या अंतराची दुप्पट. गाडी झाडावर आदळून एका मीटरच्या आत थांबली, तर मंदन २५०० भागिले २, म्हणजे १२५० मीटर प्रति सेकंद वर्ग येते. हे गुरुत्वत्वरणाच्या १२५ पटींहून अधिक आहे. तीच गाडी ५० मीटर अंतरात थांबली, तर मंदन २५ येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या अडीच पट. इतके तर त्या गाडीच्या चालकाला नेहमीच्या ब्रेक लावण्यातही सोसावे लागते. अंतर वाढवा, म्हणजे माणूस वाचेल, असा या गणिताचा सरळ अर्थ आहे.

अंतर वाढवायचे म्हणजे वळणाबाहेर मोकळी जागा हवी, आणि त्या जागेत वेग जिरवणारे काहीतरी हवे. यासाठी बारीक गोल खड्यांचे थर पसरण्याची पद्धत रूढ झाली. चाके खड्यांत रुततात, खडे बाजूला ढकलण्यात गाडीची ऊर्जा खर्च होते आणि गाडी थांबते. १९९४ मध्ये इटलीतील इमोला येथे ३० एप्रिलला रोलांड रात्झेनबर्गर आणि दुसऱ्याच दिवशी आयर्टन सेना यांचा मृत्यू झाल्यावर जगभरच्या ट्रॅकांची पुन्हा तपासणी झाली. कित्येक वळणे मंद केली गेली आणि मोकळ्या जागा वाढवल्या गेल्या.

खडीचा एक गुण असा, की ती न्यायनिवाडाही करते. चालक मर्यादा ओलांडून खडीत गेला, की त्याचे कित्येक सेकंद जातात. बहुधा गाडी तेथेच रुतते. झाडाइतकी क्रूर नाही, पण शिक्षा करायला चुकत नाही.

मग खडी का काढली? कारण तिलाही मर्यादा आहेत. पाण्यावर चपटा दगड आडवा फेकला, तर तो न बुडता टप्पे घेत जातो. वेगवान गाडीचा तळही तसाच सपाट असतो. ती खडीत रुतण्याऐवजी कधीकधी वरूनच सरकत जाते. ११ जुलै १९९९ रोजी सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या गाडीचे ब्रेक निकामी झाले. खडीचा पट्टा पार करून गाडी टायरांच्या भिंतीवर जोराने आदळली आणि त्याचा पाय मोडला. दुसरा धोका गाडी उलटण्याचा. घसरत आलेल्या गाडीचे चाक खडीत एका बाजूने रुतले, की ती कोलांट्या खाऊ लागते. २०१६ मध्ये मेलबर्न येथे फर्नांडो अलोन्सोची गाडी अशीच खडीत उलटली.

त्यामानाने डांबराचा फायदा असा, की चालकाच्या हातात काहीतरी शिल्लक राहते. टायरांची पकड असते, ब्रेक चालतात, सुकाणू चालते. म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून बऱ्याच वळणांबाहेर खडीच्या जागी सपाट डांबर आले. फ्रान्समधील पॉल रिकार सर्किटवर तर या डांबरावर निळे-लाल पट्टे रंगवले, आणि ते मुद्दाम खरखरीत ठेवले, म्हणजे बाहेर जाणाऱ्याचा वेगही कमी व्हावा आणि टायरही झिजावेत. सुरक्षेच्या दृष्टीने हा बदल समजण्यासारखा होता. पण त्याने एक नवे दार उघडले.

मोहाचे गणित

बाहेर डांबर असेल, तर चालक बाहेर का जाईल? याचेही उत्तर शालेय भौतिकशास्त्रात आहे. वळणावर गाडीला लागणारे केंद्रगामी त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. टायरांची पकड ठरावीक धरली, तर वेग हा त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. (हवेच्या दाबामुळे शर्यतीच्या गाडीची पकड वेगाबरोबर वाढते, ते येथे सोडून देऊ.) समजा १०० मीटर त्रिज्येचे वळण गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने घेते. वळणातून बाहेर पडताना थोडी जास्त जागा वापरून तिने त्रिज्या १०५ मीटर केली. १.०५ चे वर्गमूळ सुमारे १.०२५ आहे. म्हणजे वेग ताशी २०५ किलोमीटर झाला.

ताशी पाच किलोमीटरने काय होते, असे कोणी म्हणेल. पण वळणानंतर लांब सरळ रस्ता असेल, तर हा जादा वेग काही अंतर गाडीबरोबर राहतो आणि सेकंदाचा दहावा भाग सहज वाचवून देतो. १९९७ मध्ये स्पेनमधील हेरेथ येथे तीन चालकांनी पात्रता फेरीत नोंदवलेली वेळ अगदी एकच होती: १ मिनिट २१.०७२ सेकंद! जेथे तिघांत सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही फरक पडत नाही, तेथे दहावा भाग म्हणजे मोठी संपत्ती. ती गोळा करायला धोका नसेल, तर चालक ती सोडून का देईल? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. जो रेषेच्या आत राहील तो मागे पडेल, अशी परिस्थितीच आपण निर्माण केलेली असते.

कागदावरची रेषा

आता मर्यादा शब्दांत लिहिणे भाग होते. ट्रॅकच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेषा असतात. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या नियमानुसार पांढरी रेषा हा ट्रॅकचाच भाग, मात्र तिच्या बाहेरचे रंगीत कर्ब ट्रॅकचा भाग नव्हेत. गाडीचा कोणताही भाग ट्रॅकला टेकलेला नसेल, तरच ती बाहेर गेली असे मानायचे. कबड्डीत पाऊल बाहेर टेकले की बाद. येथे एक चाक रेषेवर असेल तोवर गाडी आत. दोन्ही नियम तितकेच स्पष्ट आहेत. अडचण नियमात नव्हती, ती अंमलात होती.

बरीच वर्षे प्रत्येक शर्यतीपूर्वी शर्यत संचालक सूचना काढून अमुक वळणावर रेषा पाहिली जाईल, तमुक वळणावर कर्बची बाहेरची कड ही मर्यादा, आणखी एका वळणावर काहीच पाहिले जाणार नाही, असे ठरवून देई. यामागे व्यवहार होता: जेथे बाहेर जाऊन फायदा नाही तेथे पहारा कशाला? पण फायदा आहे की नाही हे ठरवणे ही मताची बाब आहे, आणि मत आले की वाद आला.

२२ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेत ऑस्टिन येथे शेवटच्या फेरीत मॅक्स व्हर्स्टापेनने वळणाच्या आतल्या बाजूने, रेषा ओलांडून, किमी रायकोनेनला मागे टाकले आणि तिसरा क्रमांक पटकावला. पंचांनी पाच सेकंदांची शिक्षा दिली. पारितोषिकाच्या मंचावर जायच्या तयारीत असलेल्या व्हर्स्टापेनला परत फिरावे लागले. त्याने रेषा ओलांडली होती हे चित्रांत दिसत होते. त्याच्या संघाची तक्रार वेगळीच होती: याच शर्यतीत इतर वळणांवर इतर गाड्या बाहेरून गेल्या, त्यांना का सोडले?

२८ मार्च २०२१ रोजी बहारीन येथे याहून चमत्कारिक प्रकार झाला. चौथ्या वळणावर शर्यतीत फेरीच्या वेळेसाठी मर्यादा पाहिली जाणार नाही, अशी सूचना होती. लुईस हॅमिल्टन तेथे पुन्हा पुन्हा बाहेरून गेला. शर्यत निम्मी झाल्यावर नियंत्रण कक्षाने संघांना हे थांबवण्यास सांगितले. शेवटच्या काही फेऱ्यांत व्हर्स्टापेनने त्याच वळणावर बाहेरून जाऊन हॅमिल्टनला मागे टाकले, तेव्हा त्याला क्रमांक परत करावा लागला, कारण ओलांडून पुढे जाणे हा 'कायमचा फायदा' ठरला. हॅमिल्टन एका सेकंदाहूनही कमी फरकाने जिंकला. नियमाच्या शब्दांत हा निवाडा बसत होता. पण बघणाऱ्याला दिसले ते एवढेच, की एका जागी एकाला चालले आणि दुसऱ्याला चालले नाही.

दर चार सेकंदांना एक निवाडा

२०२२ पासून या गोंधळावर सरळ उपाय केला गेला: सगळीकडे, सगळ्यांना, पांढरी रेषा हीच मर्यादा. शर्यतीत तिसऱ्यांदा रेषा ओलांडली की काळे-पांढरे निशाण दाखवून ताकीद, आणि चौथ्यांदा पाच सेकंदांची शिक्षा. समानतेचा प्रश्न कागदावर मिटला. मात्र मोजण्याचे काम अफाट वाढले.

२ जुलै २०२३ रोजी ऑस्ट्रियातील रेड बुल रिंगवर याची कसोटी लागली. छोटे सर्किट, २० गाड्या, ७१ फेऱ्या. शेवटच्या दोन वेगवान वळणांबाहेर डांबर. शर्यतीनंतर एफआयएने जाहीर केले, की रेषा ओलांडल्याच्या शक्यतेची १२०० हून अधिक प्रकरणे नोंदली गेली. विजेत्याला शर्यत पुरी करायला सुमारे साडेपंच्याऐंशी मिनिटे, म्हणजे ५१३० सेकंद लागले. ५१३० भागिले १२०० म्हणजे ४.३. सरासरी दर चार-सव्वाचार सेकंदांना चित्र पाहून एक निर्णय द्यायचा! ते शक्य झाले नाही. निकाल लागल्यावर एका संघाने हरकत घेतली, राहिलेली प्रकरणे तपासली गेली आणि काही तासांनी आठ चालकांना नव्याने शिक्षा झाल्या. चौथा आलेला कार्लोस साइन्झ सहावा झाला, पाचवा आलेला लँडो नॉरिस चौथा.

येथे कोणी पक्षपात केला नव्हता. नियम एकच होता, रेषाही एकच. तरीही न्याय उशिरा झाला, आणि शर्यत चालू असताना चालकांना आपण नेमके कोठे आहोत हे कळले नाही. पाच सेकंद आपल्या खाती जमा आहेत हे वेळीच कळले असते, तर एखाद्याने वेगळा डाव टाकला असता. उशिरा कळलेली शिक्षा वर्तन सुधारत नाही, फक्त निकाल बदलते.

पुन्हा खडी

यावर दोन मार्ग निघाले. एक मार्ग मोजण्याचा वेग वाढवण्याचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अबू धाबीच्या शर्यतीत संगणकाकडून चित्रे चाळून घेण्याचा प्रयोग झाला. चाकाचा आणि रेषेचा आकार ओळखून, गाडी रेषेबाहेर गेली असण्याची शक्यता असलेली प्रकरणेच माणसापुढे ठेवायची, हे त्याचे सूत्र. अंतिम निर्णय माणसाचा, पण हजार चित्रांचा ढीग उपसण्याचे काम यंत्राचे. मोटारसायकलींच्या शर्यतीत कर्बबाहेर हिरवा पट्टा रंगवतात आणि काही ठिकाणी दाब ओळखणारे संवेदकही बसवतात.

दुसरा मार्ग जमिनीलाच पुन्हा पंच करण्याचा. २०२४ मध्ये रेड बुल रिंगच्या त्या शेवटच्या दोन वळणांबाहेर खडीचे अरुंद पट्टे टाकले गेले आणि आदल्या वर्षीचा प्रकार पुन्हा झाला नाही. खडीचा खोल सापळा आणि हा अरुंद पट्टा यांत फरक आहे. पट्ट्यात चाक गेले की वेळ जातो, पण गाडी अडकून पडत नाही. लांब उडीच्या फळीपुढे बरीच वर्षे प्लॅस्टिसिनची पट्टी लावत, ती आठवावी. पाय पुढे पडला की ठसा उमटे. पंचाशी वाद घालण्यास जागा उरत नसे, आणि खेळाडूला इजाही होत नसे.

पण जमिनीकडून शिक्षा करवताना हात फार सांभाळून टाकावा लागतो. वळण कापू नये म्हणून कर्बमागे सॉसेजच्या आकाराचे उंच उंचवटे बसवण्याची पद्धत होती. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा फेलिपे मासाच्या गाडीचे सस्पेन्शन अशा कर्बवर आपटून पात्रता फेरीत मोडले, आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतही. त्याचे फक्त गाडीवर निभावले. २०१९ मध्ये इटलीतील मोंझा येथे फॉर्म्युला थ्री शर्यतीत अॅलेक्स पेरोनीची गाडी असाच उंचवटा लागून हवेत उडाली आणि त्याच्या मणक्याला इजा झाली. सेकंदाचा दहावा भाग चोरल्याबद्दल मणका मोडणे, ही झाडाचीच नवी आवृत्ती झाली.

२०२३ मध्ये कतार येथे तर उलट्या बाजूने धडा मिळाला. काही वळणांवरच्या टोकदार कर्बवरून वेगाने वारंवार गेल्याने टायरांच्या बाजूंना आतून तडे जात असल्याचे आढळले. टायर वेगात फुटला तर काय होईल हे सांगायला नको. तेव्हा ऐनवेळी दोन वळणांवर पांढरी रेषाच ८० सेंटिमीटर आत सरकवली गेली आणि एका टायरसंचावर १८ हून अधिक फेऱ्या करण्यास मनाई झाली. एरवी हार-जितीपुरती वाटणारी रेषा त्या दिवशी थेट सुरक्षेची रेषा झाली. ती सर्वांनी पाळली तरच तिचा उपयोग होता.

पिवळे निशाण आणि प्रामाणिक चालक

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सुरक्षितता आणि न्याय यांचा विचार आपण सहसा वेगवेगळा करतो. जीव वाचवणे महत्त्वाचे, न्याय-अन्याय नंतर पाहू, असेही म्हटले जाते. एका वेगळ्या नियमाचा इतिहास पाहिला तर ही फोड किती फसवी आहे ते कळते.

ट्रॅकवर अपघात झाला की पिवळी निशाणे फडकवतात. दोन निशाणे फडकली तर वेग पुष्कळ कमी करावा आणि थांबण्याची तयारी ठेवावी, असा नियम. पण 'पुष्कळ' म्हणजे किती? ते चालकाच्या विवेकावर. जो खरोखर वेग कमी करील त्याचे सेकंद जातात, आणि जो नावापुरता पाय सैल करील तो पुढे जातो. म्हणजे हा नियम प्रामाणिक माणसाला दंड करत होता. असा नियम हळूहळू सगळेच कमी पाळू लागतात, यात नवल नाही.

५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका येथे पाऊस पडत होता. एका वळणावर घसरलेली गाडी उचलायला क्रेन आली होती आणि दोन पिवळी निशाणे फडकत होती. ज्यूल्स बियांकीची गाडी त्याच वळणावर घसरून क्रेनवर आदळली. जुलै २०१५ मध्ये तो वारला. एफआयएच्या चौकशी समितीने अनेक कारणे नोंदवली. त्यांपैकी एक हे, की त्याने वेग पुरेसा कमी केला नव्हता. हा एका तरुणाचा दोष म्हणून सोडून देणे सोपे होते. पण पुढचा बदल शहाणपणाचा झाला. २०१५ पासून अशा वेळी प्रत्येक चालकाला ट्रॅकच्या प्रत्येक टप्प्यासाठी किमान वेळ घालून दिली जाऊ लागली. ती गाडीतल्या पडद्यावर दिसते, सर्वांना एकच असते, आणि तिच्यापेक्षा लवकर पोचणे गुन्हा ठरतो. सगळे सारखेच मंद होतात, म्हणून कोणाचे अंतर घटत नाही की वाढत नाही. प्रामाणिकपणाची किंमत शून्यावर आली, आणि नियम पाळला जाऊ लागला.

आमच्या मते या सगळ्या इतिहासाचे सार येथे आहे. सुरक्षेचा नियम असमान रीतीने लागू केला, तर तो केवळ अन्याय करत नाही, तो सुरक्षाही घालवतो. पाळणाऱ्याचे नुकसान होते असे दिसले, की पाळणारे कमी होतात. झाडे काढून टाकणे योग्यच होते. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. पण झाड जे काम फुकट आणि क्रूरपणे करत होते, ते आता माणसाला खर्च करून आणि विचारपूर्वक करावे लागते. मोजमापाची साधने, पुरेसे पंच, वेळेवर निर्णय आणि चुकीच्या प्रमाणात शिक्षा, ही त्या सुरक्षेचीच किंमत आहे.

वर्गासाठी एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय मैदानावर करून पाहता येईल. कबड्डीचा दहा मिनिटांचा डाव चालू असताना चार विद्यार्थ्यांना चार कोपऱ्यांत बसवा. रेघेबाहेर पडलेल्या पावलांची नोंद प्रत्येकाने एकमेकांना न विचारता करावी. नंतर चार याद्या शेजारी ठेवून किती नोंदी जुळतात ते पाहा. दुसऱ्या डावाला रेघेबाहेर ओल्या बारीक मातीची वीतभर रुंद पट्टी पसरा आणि पावलांचे ठसे मोजा. याद्या आणि ठसे यांतला फरक मुलांनाच काढू द्या.

मग त्यांना विचारा: ठसा दिसला, पण मुलगा धक्का लागून बाहेर गेला असेल, तर तो बाद का? पट्टी मातीऐवजी काट्यांची केली तर रेघ जास्त पाळली जाईल का, आणि ती तशी करावी का? पहिल्या प्रश्नावर दोन मते पडतील. दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक मुले 'जास्त पाळली जाईल' आणि 'तरी करू नये' अशी दोन्ही उत्तरे एका दमात देतील. ही दोन उत्तरे एकत्र कशी नांदवायची, यावर तास संपेपर्यंत बोलता येईल.